खिडकीला लावायची खळ

आमच्या घरातला तानपुरा दोन प्रकारे वाजतो. कुणी छेडला की वाजतो, आणि वरून लढाऊ विमान गेलं की वाजतो.

ग्वाल्हेरच्या महाराजपूर तळावर १९८५ साली मिराज विमानं आली तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमचं घर लष्करात, दौलतगंजाच्या मागच्या गल्लीत. (लष्कर हे आमच्या शहराच्या एका भागाचं नाव. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, ती पुढे उठलीच नाही. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना हे दर वेळी सांगावं लागतं.) बाबा माजघरात गाणं शिकवायचे. विमान डोक्यावर आलं की शिकवणी थांबायची. खिडकीची तावदानं थरथरायची, आणि आवाज विरत गेला की कोपऱ्यात भिंतीशी उभा केलेला तानपुरा मंद गुणगुणत असायचा. कुणी हातही न लावता. बाबा बोट वर करून सगळ्यांना गप्प बसवायचे. "ऐका. एवढ्या गोंगाटातून त्यानं आपल्यापुरतं तेवढंच उचललं."

तानपुरा मिरजेहून आणलेला होता. विमानाचं नाव मिराज. ही दोन्ही नावं एकाच गावाची आहेत अशी माझी कितीतरी दिवस समजूत होती, आणि म्हणूनच विमान आलं की तानपुरा ओळख देतो असं मला वाटायचं.

ग्वाल्हेरची माणसं विमानाच्या आवाजाला वर बघत नाहीत. नवा पाहुणा तेवढा दचकतो. २६ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी बालाकोटची बातमी आली आणि विमानं आमच्याच तळावरून उडाली होती हे कळलं, तेव्हा गल्लीतला प्रत्येक जण सांगू लागला की मध्यरात्रीनंतर आवाज आला होता खरा. आवाज आला होता, आणि सगळे कूस बदलून झोपले होते. मीसुद्धा. त्यामुळे सहा वर्षांनी माझंच शरीर त्याच आवाजाला असं वागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. दुपारी मी कैऱ्या उकडायला ठेवल्या होत्या, पन्ह्यासाठी. बातमी आधी फोनवर आली, मग टीव्हीवर, मग पुण्याहून दादाचा फोन. महाराष्ट्रातले सहाजण होते. डोंबिवलीचे, पुण्याचे. आपल्यासारखीच आडनावं, आपल्यासारखीच मे महिन्याच्या आधी रजा टाकून निघालेली कुटुंबं. कैऱ्या तळाला लागल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले. त्या दिवसाचं दुःख मला नीट आठवतं, कारण ते दुःखासारखं होतं. रडू येत होतं, कुणाशी बोललं की जरा हलकं वाटत होतं. त्यानंतरचे पंधरा दिवस मात्र निराळे होते. त्यांना दुःख म्हणता येत नाही. आमच्याकडे त्याला धास्ती म्हणतात. काहीतरी होणार, कधी होणार ते माहीत नाही, आणि आपण फक्त बघत राहायचं.

माझा मुलगा तेव्हा चंडीगढला नोकरीला होता. यजमान भोपाळला. घरी मी आणि शहात्तर वर्षांची आई.

७ मेच्या पहाटे उठले तेव्हा रात्रीत भारताचे पाकिस्तानवर हल्ले होऊन गेले होते. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव ठरलेला होता आणि शहरांच्या यादीत ग्वाल्हेर होतं. संध्याकाळी साडेसातला बारा मिनिटं दिवे बंद ठेवायचे. मी दिवसभर तीच सूचना पुन्हा पुन्हा वाचत होते, जणू तिच्यात आणखी काही लिहिलेलं सापडणार होतं. आई आतून म्हणाली, "मैदा आहे का गं घरात?"

"कशाला?"

"खळ करायची ना. खिडक्यांना कागद लावायला."

तिच्या मनात १९७१ साल होतं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, याच घरात. ३ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी विमानांनी आग्र्याच्या तळावर बॉम्ब टाकले, आणि आग्रा इथून मोटारीनं दोन-तीन तासांवर. ताजमहाल कापडानं झाकला होता म्हणे. इथे घराघरांत तावदानांना जाड कागद चिकटवलेले, स्कूटरच्या दिव्याचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगानं रंगवलेला. तिच्या सासूबाईंनी तिला चुलीपाशी बसवून सांगितलं होतं, खळीत गुठळी होता कामा नये. घराला खिडक्या चौदा. वर शेजारच्या दोन म्हाताऱ्यांच्या घरच्या सहा.

मी तिला विचारलं, "भीती नाही वाटली तुला?"

तिनं खरंच विचार केला. मग म्हणाली, "वाटली असणार. पण मला खळच आठवते."

मी तिला समजावलं की आता कागद लावायचे नाहीत, फक्त बारा मिनिटं बटणं बंद करायची. ती ऐकून घेऊन पुन्हा मैद्याचा डबा शोधू लागली. शेवटी आम्ही दोघींनी स्वयंपाकघराच्या एकाच खिडकीला वह्यांना घालायचा खाकी कागद लावला. खळ मी ढवळली. गुठळी झाली नाही. त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्या हातांना काही करायला मिळालं होतं, आणि ती वीस मिनिटं मी फोन पाहिला नाही, हे मला नंतर लक्षात आलं.

पण ८ मेची रात्र आली. चंडीगढमध्ये अंधार केला होता. मुलाचा फोन आला. मागे मुलांचे आवाज, कुणीतरी गिटारही वाजवत होतं. म्हणाला, "आई, मी ठीक आहे. तू टीव्ही बंद कर." मी हो म्हटलं आणि टीव्ही लावला. त्या रात्री वाहिन्यांवर काय काय चाललं होतं ते बघणाऱ्यांना आठवत असेल. अमुक बंदर उद्ध्वस्त झालं, तमुक शहर ताब्यात आलं. निवेदक उभ्यानं ओरडत होते आणि प्रत्येक बातमीच्या मागे भोंगा वाजत होता. मी रात्री तीनपर्यंत बसून होते. सकाळी त्यातलं बरंचसं घडलंच नव्हतं असं कळलं. पण चंडीगढमध्ये त्या सकाळी भोंगे मात्र खरोखर वाजले, आणि मला ते खरे की पडद्यावरचे हे काही क्षण उमगेना. डाव्या हाताला मुंग्या आल्या. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

डॉक्टरांकडे गेले. ईसीजी व्यवस्थित आला. रक्तदाब थोडा वर. त्यांनी विचारलं, "रोज किती तास बातम्या बघता?" मी म्हटलं, "मोजले नाहीत." त्यांनी नुसतं पाहिलं माझ्याकडे.

१० मेला संध्याकाळी पाचपासून शस्त्रसंधी लागू झाली. गल्लीत लोक बाहेर आले, कुणी कचोरी आणली. त्याच दिवशी सरकारनं वाहिन्यांना कळवलं की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वापरू नका, नाहीतर खऱ्या वेळी लोकांना फरक कळणार नाही. ती सूचना वाचून मी बराच वेळ बसून राहिले. कारण मला तो फरक कळेनासा झालाच होता. ज्या घरात कान तयार करण्यावर तीन पिढ्या खर्ची पडल्या, त्या घरातली मी. सुराचा केसभर फरक ऐकू येतो मला. आणि दिल्लीतल्या स्टुडिओतला भोंगा माझ्या मुलाच्या छतावर वाजतोय असं माझं शरीर धरून बसलं होतं.

बोस्टनमध्ये २०१३ साली मॅरेथॉनच्या वेळी स्फोट झाले होते. त्यानंतर तिकडच्या संशोधकांनी लोकांना प्रश्न विचारले. जे प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी होते त्यांच्यापेक्षा, स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्याच्याच बातम्या बघत राहिलेल्यांनी तीव्र ताणाची लक्षणं जास्त सांगितली. डॉक्टर काय बघत होते ते मला हे वाचल्यावर समजलं. चंडीगढमध्ये प्रत्यक्ष अंधारात बसलेला मुलगा गिटार ऐकत होता, कारण त्याच्या अंधाराला चार भिंती होत्या, सोबतीला मित्र होते. माझ्या अंधाराला कडा नव्हती.

शस्त्रसंधी झाली तरी मला झोप येईना. हे कुणाला सांगायची लाज वाटत होती. युद्ध संपलं, मुलगा सुखरूप, काय झालंय हिला? पहाटे तीनला डोळे उघडायचे, दात घट्ट आवळलेले असायचे, आणि हात फोनकडे जायचा. अशाच एका रात्री मी १४४१६ लावला. टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे, चोवीस तास, फुकट. मराठीतही बोलता येतं, मी हिंदीत बोलले. पलीकडे एक तरुण आवाज होता. मी सुरुवातीला मुलाबद्दल बोलले, मग विमानांबद्दल, आणि मग माझ्या तोंडून निघालं, "और मेरे भाई से मेरी बात बंद है." मला स्वतःला नवल वाटलं. देशाच्या काळजीनं झोप उडालीय असं मी समजत होते, आणि रडू फुटलं ते दादाच्या नावानं.

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. शिकायला म्हणून पुण्याला गेला, तिथेच राहिला. आमच्या सगळ्या भावंडांचा, आत्या-मावश्यांचा व्हॉट्सॲपवर गट आहे. एरवी तिथे आंब्याच्या पेट्या आणि नातवंडांचे फोटो असतात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिथे दुसरंच सुरू झालं. दादानं एक संदेश पुढे पाठवला, काही माणसांबद्दल, सरसकट. मी रात्री एक वाजता लांबलचक उत्तर लिहिलं. त्यानं लिहिलं, "तुला काय कळतंय त्यातलं." मी गट सोडला. मोठ्या भावाला मी आयुष्यात उलट बोलले नव्हते आणि त्यानं मला कधी असं चारचौघांत झिडकारलं नव्हतं. सहा आठवडे आम्ही बोललो नाही. आईच्या औषधांबद्दल वहिनी फोन करायची.

काय चुकलं यावर मी खूप विचार केला आहे. माझं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं. पण ते मी रात्री एकला, वीस नातेवाइकांसमोर, न दिसणाऱ्या चेहऱ्याला लिहिलं. तो समोर असता तर त्याच्या हाताची बोटं मला दिसली असती. दादा घाबरला की डाव्या हाताच्या अंगठीशी चाळा करतो, लहानपणापासून. त्या संदेशामागे अंगठी फिरत होती की नाही ते मला कसं कळणार होतं?

आणि आता मास्टरजींबद्दल लिहायला हवं. हे मी इतका वेळ टाळत होते.

आमच्या जिन्याखाली एक शिलाईचं दुकान आहे. मास्टरजींच्या वडिलांच्या वेळेपासून तिथेच. माझे शाळेचे झगे, लग्नातले ब्लाऊज, मुलाची कुंची, सगळं त्या मशीनवर शिवलेलं. दुकानात दिवसभर रेडिओ चालायचा, जुनी गाणी. २२ एप्रिलनंतर तो रेडिओ बंद झाला. ते सूर्य मावळायच्या आत शटर ओढू लागले. ओट्यावर बसेनात. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी पोरं घोषणा द्यायची. पोरं आपल्याच गल्लीतली, कालपर्यंत मास्टरजींकडून पँट आखूड करून नेणारी. मला हे सगळं दिसत होतं. रोज जिना उतरताना मी "नमस्ते मास्टरजी" म्हणायचे आणि पुढे जायचे. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मी तेवढंच म्हटलं. माझ्या धास्तीत मी इतकी बुडालेली होते की तीन पायऱ्यांखालची धास्ती मला माझीच वाटली नाही.

कागदाच्या खिडकीनं आईचं समाधान झालं नव्हतं. ९ तारखेला ती म्हणाली, "कागद फाटतो. काळं कापड आण, पडदे शिवून घेऊ." मी कापड घेऊन खाली गेले. मास्टरजींनी मापं घेतली, खडूनं रेघा मारल्या. मी पैसे विचारले तर म्हणाले, "बिटिया, इसकी सिलाई नहीं लूँगा. ये तो सबका काम है." मग मान न उचलता सांगू लागले. १९७१ साली त्यांच्या वडिलांनी गल्लीतल्या निम्म्या घरांचे पडदे शिवले होते. हे तेव्हा दहा वर्षांचे, सुईत दोरा ओवून द्यायचे. आमच्या आजीनं त्यांना डिंकाचा लाडू दिलेला त्यांना आठवत होता.

मी विचारलं, "नींद आती है, मास्टरजी?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. "कहाँ आती है." त्यांचा मुलगा बाहेरगावी नोकरीला आहे. त्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं, रेल्वेत फोनवर बोलू नकोस, कुणाशी वाद घालू नकोस, दाढी कमी कर. सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता, माप सांगतात तसा. मी तिथल्या स्टुलावर बसले. दोन मुलं, दोन शहरं, दोन फोनची वाट बघणारे आम्ही दोघं. माझी भीती आभाळाकडे बघत होती, त्यांची गल्लीच्या तोंडाकडे. मला सहानुभूती सगळीकडून मिळत होती. त्यांनी ती कुणाकडे मागायची?

मला इथे सगळं गोड करून सांगायचं नाही. तानसेन समारोहाची पहिली सकाळ मी लहानपणापासून बघत आले आहे. हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी आधी सनई, मग ढोलीबुवा मठाची हरिकथा, मग मीलाद, मग चादर. २०२४ च्या डिसेंबरात त्या समारोहाला शंभर वर्षं झाली. ज्या गायकीला महाराष्ट्र आपली म्हणतो ती ग्वाल्हेरच्या उस्ताद हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्या घरातून वासुदेवबुवा जोशी आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आली आणि कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात पोचली. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा जीव तोडून अभिमान आहे. पण त्यानं मास्टरजींचं शटर सूर्यास्तानंतर उघडं राहत नाही. शटर उघडं राहायला कुणीतरी संध्याकाळी तिथे स्टुलावर बसावं लागतं. म्हणून मी बसू लागले. निवडायची मेथी घेऊन, कधी लेकाचे जुने शर्ट घेऊन. चार दिवसांनी समोरच्या घरच्या काकू आल्या, त्यांना फॉल लावायचा होता. घोषणा देणाऱ्या पोरांपैकी एक जण आला आणि मला तिथे बघून चपापला. मी त्याला पाणी आणायला पाठवलं. त्यानं आणलं.

मला स्वतःला या बसण्यानं काय मिळालं तेही सांगते. फोनमध्ये जो देश दिसत होता तो फार मोठा होता आणि त्यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. स्टुलावरून दिसणारी गल्ली साठ पावलांची. तिच्यात कोण घाबरलंय, कोण चिडलंय, कुणाला कशाची गरज आहे, हे मला माहीत होतं किंवा विचारता येत होतं.

असंच २०१८ साली झालं होतं, पण तेव्हा मला त्यातून काही घेता आलं नाही. दलित संघटनांनी पुकारलेल्या २ एप्रिलच्या भारत बंदच्या दिवशी आमच्या ग्वाल्हेर-चंबळ भागात गोळ्या चालल्या, माणसं मेली. थाटीपूर, मुरारकडे संचारबंदी, इंटरनेट बंद. मी कॉलेजात शिकवते. माझी एक सहकारी, जिच्या समाजाच्या लोकांनी तो बंद पुकारला होता, आठवडाभर आली नाही. आल्यावर मी तिला विचारलं, "सब ठीक?" ती म्हणाली, "ठीक." आम्ही दोघी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसलो. सात वर्षांनी, पडदे शिवून झाल्यावर, मी तिला फोन केला आणि त्या आठवड्यात तिचं काय झालं होतं ते विचारलं. ती पाऊण तास बोलली. ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही.

आता गाण्याबद्दल. टेलि-मानसवरच्या मुलीनं मला सांगितलं होतं, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. मी म्हटलं, लावते, आणि फोन ठेवल्यावर एकदम आठवलं की हे मला कुणीतरी आधीच शिकवलं आहे. बाबांच्या शिकवणीत पहाटेचा पहिला पाऊण तास फक्त खर्जाचा. मंद्र सप्तकातला एकच स्वर, जितका खाली जाता येईल तितका खाली, श्वास पुरेल तोवर. ताना नाहीत, बंदिश नाही. सोळाव्या वर्षी मला त्याचा विलक्षण कंटाळा यायचा. आता वाचलं की श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना उतरतात, आणि उच्छ्वास लांबवला की मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची नस शरीराला सांगते, धोका टळला. खर्जात एक श्वास वीस-वीस सेकंद सुटत राहतो. शिवाय तो छातीत ऐकू येतो, कानात नंतर. बाबांना व्हेगस माहीत नव्हती. ते म्हणायचे, "आधी आवाजाला बसायला जागा दे."

पहाटे तीनला डोळे उघडतच होते, तर मी उठून माजघरात जाऊन बसू लागले. फोन आईच्या खोलीतल्या फडताळात ठेवायची पद्धत पाडली. बातम्या सकाळी वर्तमानपत्रात आणि संध्याकाळी एकदा रेडिओवर. आईला हे फार पटलं, कारण तिच्या १९७१ मध्ये असंच होतं. बातम्यांच्या दोन वेळांच्या मध्ये बायका जवानांसाठी स्वेटर विणायच्या. पहिले काही दिवस माझा खर्ज आठ सेकंदही टिकेना. आवाज हलायचा. पण रडण्यापेक्षा हलणारा आवाज बरा वाटायचा, कारण तो कुठे हलतोय ते ऐकता येतं.

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. लू सुटते. या हवेत तानपुरा एका जागी राहत नाही. रात्री लावून ठेवला तरी सकाळी उतरलेला किंवा चढलेला असतो. बाबा त्याबद्दल कधी कुरकुर करत नसत. रोज लावायचे. मी मात्र दर सकाळी वैतागायचे, जणू माझ्यावर अन्याय झालाय. जूनच्या पहिल्या आठवड्यात खर्जाची पितळेची तार तुटली. हातावर सपकन बसली. दुसरी तार घरात नव्हती, आणि बदलली तरी घोडीवर तारेखाली असतो तो जवारीचा दोरा कुठे सरकवायचा ते मला कधीच नीट जमलं नाही. ते दादाला येतं. बाबांनी ते फक्त त्याला शिकवलं होतं, गाणं मला.

मी फोन हातात घेऊन पंधरा मिनिटं बसले. मग लावला.

"दादा, बाबांच्या तानपुऱ्याची खर्जाची तार तुटली."

तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "घोडीला काही झालं नाही ना?"

"नाही."

"मिरजेहून मागवतो. आठ दिवस लागतील. तोवर बाकीच्या तारा थोड्या उतरवून ठेव, नाहीतर ओढ एकीकडे पडेल."

तारा दहाव्या दिवशी आल्या. कापडी पिशवीत, बरोबर चितळ्यांची बाकरवडी. रविवारी सकाळी दादानं व्हिडिओ कॉल केला. मी फोन उशीला टेकवून ठेवला आणि तार चढवली. चाळीस मिनिटं आम्ही फक्त तेच बोललो. खुंटी जरा आत दाब. दोरा पुढे. आणखी. नाही, फार झालं, मागे घे. केसभर. हां, थांब. आता छेड. तार उघडली आणि खोलीभर पसरली तेव्हा पुण्याला त्यानं डोळे मिटले होते. अंगठी फिरत नव्हती.

मग त्यानं विचारलं, "झोपतेस का नीट?"

"नाही रे."

"मीही नाही," दादा म्हणाला. "मार्चपासूनच. वहिनीला सांगू नकोस." आणि मग त्यानं मला त्याच्या कंपनीतल्या कपातीबद्दल सांगितलं, सोसायटीतल्या भांडणाबद्दल सांगितलं, डोंबिवलीच्या बातमीनंतर तो दोन दिवस जेवला नव्हता ते सांगितलं. त्या संदेशाबद्दल तो काही बोलला नाही. मीही काढला नाही. ते आम्हांला कधीतरी बोलावं लागेल, समोरासमोर, आणि तेव्हा मी माझं म्हणणं सोडणार नाही. मास्टरजींचं नाव घेऊन सांगणार आहे. तो लहान असताना त्याची पतंगाची फिरकी दुरुस्त करून देणारे मास्टरजीच होते, हे त्याला आठवत असेल.

मी अजून पहाटे उठते. कधी तीनला, कधी पाचला. या आठवड्यात दोन रात्री पूर्ण झोप लागली. वर्तमानपत्रात पुन्हा काहीतरी सुरू आहे, पुन्हा गल्लीच्या तोंडाशी झेंडे लागलेत. स्वयंपाकघराच्या खिडकीचा खाकी कागद आईनं काढू दिलेला नाही. त्याची एक कड सुटली होती, ती काल तिनं खळ करून पुन्हा चिकटवली.

आज पहाटे मी खर्ज लावून बसले होते. खालून शटर वर ढकलल्याचा आवाज आला, म्हणजे मास्टरजी नमाजाहून आले होते. थोड्या वेळानं महाराजपूरकडून विमान उठलं. आवाज वाढत वाढत छतावर आला. मी श्वास सोडायचा थांबले. तावदानं थरथरली. आई आतून म्हणाली, "गेलं का गं?"

"जातंय," मी म्हटलं.

तानपुरा माझ्या मांडीवर होता. मी बोटं तारांवरून उचलून बाजूला धरली आणि तो काय उचलतो ते ऐकत बसले.